अर्ध्यावरून

वेर्णा, औद्योगिक वसाहत, रात्रीचे पावणेदोन.
सर्व्हरच्या खोलीत एसी सतरावर, माझ्या अंगावर
फ्लोरियानचं करकरणारं जॅकेट,
आणि पडद्यावर एकसष्ट टक्के.
संध्याकाळी सातपासून एकसष्टच.

ही नक्कल आहे. मूळ यंत्रणा पलीकडच्या रॅकमध्ये
निवांत चालू, तिला कोणी हात लावलेला नाही.
हिला अकरा मार्चच्या रात्री जशीच्या तशी उचलली:
खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, बुचं, लेबलं,
तीनशे बारा माणसांचे पगार, त्यांचे रक्तगट,
कँटीनच्या उसळीची थकबाकीसुद्धा.
नाव तेवढं बदललं, शेवटी एक आकडा जोडला.
हिला ते सांगायचं मात्र राहून गेलं.

म्हणून काल दुपारी, अपग्रेडच्या ऐन मध्यात,
आपणच खऱ्या असल्याच्या भरात
हिने गेटवरच्या प्रिंटरला पावती धाडली:
चाळीस खोके, मुरगाव बंदर, तातडीने.
आणि ट्रकवाला धर्मा वेळीप दोन कागद घेऊन
माझ्यासमोर उभा: "ह्यांतली खरी खंयची गो, बाय?"
दोन्ही सारख्याच. शाईसुद्धा त्याच प्रिंटरची.

त्यावरून ठरलं, परत फिरवा.
फोनवरचा सल्लागार म्हणतो, मागे जायचं बटण
पन्नास टक्क्यांपर्यंतच चालतं. पुढे ते राखाडी होतं.
मग विचारतो, सुरू करण्याआधी प्रत ठेवली असेल ना?
मी गप्प. फ्लोरियान गप्प.
नकलेची नक्कल कोण ठेवतो हो?

आता हाताने. एकेक तक्ता.
अर्धे जुन्या घरात, अर्धे नव्या,
काही दोन्हीकडे, आणि सतरा असे
की त्यांचं जुनं नाव गेलंय, नवं पडलेलं नाही.
नोंदवही तळाकडून वर वाचायची,
शेवटी केलेलं आधी पुसायचं.
घाईत मधलंच ओढलं, तर वरचं सगळं अंगावर.

राय-शिरोड्याची फेरीबोट भर नदीत
अर्ध्यावरून वळलेली मी एकदा पाहिली आहे.
एका बाईचं पोर धक्क्यावर राहिलं होतं,
ती बोटीवर, तो काठावर, मध्ये जुवारी.
तांडेलाने शिवी हासडली, चाक फिरवलं.
पाच मिनिटं. पाण्यावर पुसट गोल उरला, तोही गेला.
मला वाटायचं, माघार म्हणजे एवढीच.

तीनच्या सुमाराला मला माझाच अर्ज सापडला.
रजा, तीन दिवस, भावाच्या घराची वास्तुशांत, सांगे.
बारा मार्चला साहेबांनी तो नाकारला होता.
हिच्या लेखी बारा मार्च अजून उजाडलेलाच नाही.
हिच्याकडे तो "विचाराधीन" आहे.
मंजुरीचा हक्क आज माझ्याकडे, सगळेच हक्क माझ्याकडे.
फ्लोरियान जांभई देत म्हणाला, "कर गो, कोणाक कळटा?"
केला नाही.
म्हणजे केला. आणि मग तोही नोंदवहीत आला,
सगळ्यात खाली,
सगळ्यात आधी पुसायचा.

पाच चाळीसला आकडा शून्यावर आला.
सतरापैकी दोन तक्ते परतलेच नाहीत:
बुचांचे रंग, आणि ती थकबाकी.
नकलेत आता उसळीचं कोणीच कोणाला देणं लागत नाही.

गेटबाहेर धर्मा ट्रकमध्ये झोपलेला,
पाय खिडकीबाहेर, पावत्या टपावर चपलेखाली.
अहवालात "झालेलं काम" या रकान्यापुढे
बराच वेळ मी काहीच लिहिलं नाही.
मग लिहिलं: होतं तसं. दोन तक्ते सोडून.
फ्लोरियानने त्याच्याच पेनाने खाली जोडलं:
पुन्हा शनिवारी. आधी प्रत.